रिसीव्हर जागेवर ठेवू नका

रबरी तळव्याचे बूट घाला. टाचा वाजणारे नकोत, कारण आपण निघालोय तिथं टाच वाजली की तिचा आवाज छतापर्यंत जातो, वर रेंगाळतो आणि सावकाश खाली येतो. अंगात जाकीट असू द्या. न्यूयॉर्कच्या ऑक्टोबरला आपली ऑक्टोबर हीट ठाऊक नाही. मोबाइल घरीच राहू द्या. खिशात डॉलर मोजकेच ठेवा, कारण चारच महिन्यांपूर्वी, जून 1966 मध्ये, रुपयाचं अवमूल्यन झालंय आणि पावणेपाच रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर साडेसातावर जाऊन बसलाय. तुमच्या गावात या वर्षी परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट बघावी लागते. हे लक्षात असू द्या, पुढं उपयोगी पडेल.

शुक्रवार, 14 ऑक्टोबर 1966. संध्याकाळ.

लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, पंचविसाव्या आणि सव्विसाव्या रस्त्यांच्या मध्ये, विटांची एक दांडगी इमारत उभी आहे. 69 व्या रेजिमेंटची आर्मरी. पलटणीचं ठाणं. दरवाजा किल्ल्याला शोभेल असा, आणि आत सैनिकांच्या कवायतीसाठी बांधलेला भलाथोरला हॉल, वर लोखंडी कमानींवर तोललेलं छप्पर. याच हॉलमध्ये 1913 साली युरोपातली नवी चित्रं अमेरिकेनं पहिल्यांदा एवढ्या संख्येनं बघितली होती, आणि मार्सेल द्यूशाँच्या जिना उतरणाऱ्या बाईवरून शहरभर टवाळी झाली होती. आज तुम्ही जे बघायला आलात त्याचीही टवाळीच होणार आहे. काल पहिली संध्याकाळ झाली. कुठली वायर कुठं जाते याचा घोळ, दोन प्रयोगांमधली न संपणारी मध्यंतरं, कंटाळलेले लोक. वर्तमानपत्रं उखडलेली आहेत.

प्रयोगमालेचं नाव '9 इव्हनिंग्ज: थिएटर अँड इंजिनीअरिंग'. दहा कलावंत आणि सुमारे तीस इंजिनीअर. इंजिनीअर बहुतेक सगळे न्यू जर्सीतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजचे. 1947 मध्ये जिथं ट्रान्झिस्टर जन्मला तीच ही संस्था. यांचा म्होरक्या बिली क्लूव्हर, स्वीडनमध्ये वाढलेला, लेझरवर काम करणारा. सहा वर्षांपूर्वी आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या बागेत झाँ टिंगलीनं स्वतःलाच मोडून टाकणारं एक अजस्र यंत्र उभं केलं होतं. ते उभारायला मदत करणारा हाच गृहस्थ. त्याच्या जोडीला चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग. दोघांनी ठरवलं की चित्रकार, नर्तक आणि संगीतकार यांनी इंजिनीअरांना विचारायचं, 'असं करता येईल का?' आणि इंजिनीअरांनी 'बघतो' म्हणायचं. आधी हे सगळं स्टॉकहोममध्ये व्हायचं होतं. ते फिसकटलं, म्हणून ही आर्मरी.

आत शिरताना डावीकडे टेबलांवर काय पसरलंय ते बघा. करड्या रंगाच्या पेट्या, त्यांतून लोंबणाऱ्या तारा, डाखणीच्या धुराचा वास. टाय लावलेला एक माणूस गुडघ्यांवर बसून एका जोडणीवर फुंकर घालतोय. गणपतीच्या मांडवात आरतीच्या पाच मिनिटं आधी साउंडवाल्याची जी अवस्था असते, तीच याची. फरक इतकाच की आपला साउंडवाला कर्णा लावतो. हा माणूस टेनिसची रॅकेट लावतोय.

हो, टेनिसची.

जमिनीवर कोर्ट आखलंय, मध्ये जाळी. पांढऱ्या कपड्यांत दोघं येतात: चित्रकार फ्रँक स्टेला आणि मिमी कानारेक, जी खरोखरीची टेनिसपटू आहे. सर्व्हिस होते. चेंडू रॅकेटला लागतो आणि सबंध हॉलभर 'ढँव' असा आवाज घुमतो, देवळातल्या मोठ्या घंटेवर कुणी मूठ मारावी तसा. तुम्ही दचकता. शेजारची बाई दचकते. पहिला आवाज छतात विरतोय तोवर दुसरा येतो. आणि तेव्हा लक्षात येतं की वरचा एक दिवा गेला. मग आणखी एक.

रॅकेटची मूठ जवळून बघण्यासारखी आहे. तिच्यात एक चिमुकला एफएम ट्रान्समीटर कोंबलाय, आणि जोडीला कॉन्टॅक्ट मायक्रोफोन. साधा मायक्रोफोन हवेतला आवाज ऐकतो. हा हवेचं काही ऐकत नाही, ज्याला चिकटवलाय त्याची थरथर ऐकतो. रुळाला कान लावून लांबची गाडी ओळखणारी पोरं असतात ना, त्यातला प्रकार. चेंडू रॅकेटच्या तारांवर आदळला की थरथर मुठीत येते, ट्रान्समीटर ती हवेत सोडतो, कडेला ठेवलेला रिसीव्हर पकडतो, आणि तिथून तिची दोन कामं सुरू होतात: कर्ण्यांतून घणघणायचं आणि एक दिवा विझवायचा. राउशेनबर्गच्या या रचनेचं नाव 'ओपन स्कोअर'. म्हणजे दोघं खेळत राहिले की अंधार वाढत जातो, आणि जितकं चांगलं खेळतील तितक्या लवकर त्यांना चेंडू दिसेनासा होतो. या नऊ संध्याकाळींतली सगळ्यात देखणी कल्पना मला हीच वाटते. तिच्यात समजावून सांगावं असं काही नाही. लहान पोरालाही कळेल, आणि पोराला ती आपल्याहून जास्त आवडेल.

शेवटचा दिवा जातो. काळोख. आता तुम्हाला काही दिसत नाही, पण हॉलमध्ये माणसं शिरताहेत हे जाणवतं. पावलं, कपड्यांची सळसळ, दबलेला खोकला. पाचशेएक माणसं अंधारात येऊन उभी राहिलीत. मग वर टांगलेल्या तीन मोठ्या पडद्यांवर ती उमटतात, करड्या, भुतासारख्या चेहऱ्यांची. इन्फ्रारेड कॅमेरे त्यांना बघताहेत. तुमच्या डोळ्यांना तो उजेड दिसत नाही. कुणी हात हलवतंय, कुणी कोट काढून पुन्हा घालतंय. तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेली ही माणसं तुम्हाला फक्त पडद्यावर भेटतात. 1966 सालच्या प्रेक्षकाला हे किती चमत्कारिक वाटलं असेल याचा अंदाज तुम्हाला येणार नाही, कारण तुम्ही जिथून आलात तिथं गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथकासमोर उभं राहूनही लोक मिरवणूक मोबाइलच्या पडद्यावरच बघतात.

बसून राहा. त्याच रात्री डेव्हिड ट्यूडर वाजवणार आहे, आणि मुळात त्याच्यासाठीच मी तुम्हाला शुक्रवारी आणलंय.

ट्यूडर चाळिशीचा, अबोल, मूळचा पियानोवादक. चौदा वर्षांपूर्वी, 29 ऑगस्ट 1952 च्या रात्री, वुडस्टॉकजवळच्या एका लाकडी सभागृहात पियानोसमोर बसून चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही स्वर न वाजवणारा माणूस हाच. जॉन केजची ती रचना जग केजच्या नावानं ओळखतं, पण न वाजवण्याचं काम त्या रात्री ट्यूडरनं केलं होतं. अलीकडे त्याचं मन पियानोतून उठलंय. आज त्याच्या मांडीवर बँडोनियन आहे.

हे वाद्य तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. आपल्या पेटीचं सख्खं भावंडच म्हणा: तोच भाता, हवेच्या झोतानं थरथरणाऱ्या त्याच धातूच्या पट्ट्या. पेटीत भाता मागे असतो आणि तो एका हातानं हलवायचा. इथं तो दोन हातांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना बटणं. जर्मनीत जन्मलं, अर्जेंटिनात जाऊन टँगोत रमलं. ट्यूडरकडे ते आलं तेव्हा त्याच्यासाठी नवनव्या रचना लिहिल्या गेल्या. पॉलीन ऑलिव्हेरोसनं तर 1964 मध्ये ॲकॉर्डियन, बँडोनियन आणि जमलंच तर एक मैना अशी रचना केली. मैना खरी, पिंजऱ्यातली. बोलली तर बोलली.

आज मैना नाही. आज भात्यावर, लाकडावर, बटणांजवळ कॉन्टॅक्ट मायक्रोफोन चिकटवलेत, आणि वाद्यातून निघालेला आवाज तारांतून इतका वेडावाकडा प्रवास करतो की बाहेर येईतो त्याचं कुळगोत्र सांगणं कठीण. रचनेचं नाव 'बँडोनियन !', आणि ते उद्गारचिन्ह गणितातलं आहे, क्रमगुणिताचं. चाराचं क्रमगुणित चोवीस, पाचाचं एकशे वीस, सहाचं सातशे वीस. एक सूर आत गेला की त्याचे किती होतील याला धरबंध नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा.

ट्यूडर भाता किंचित उघडतो. पहिले काही क्षण नेहमीचाच, पेटीसारखा, जरासा उदास सूर. मग तो हॉलच्या पलीकडच्या टोकाकडून परत येतो, पण आता तो सूर नाही, करवतीसारखं काहीतरी आहे. त्याच्या अंगावर दुसरा येऊन पडतो. छत आधीच घुमारा धरून बसलंय, त्यामुळं कित्येक सेकंदांपूर्वीचा आवाज आत्ताच्या आवाजात मिसळतोय. लग्नाच्या हॉलमध्ये माइक कर्ण्यासमोर गेला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ती आठवा. तीच शिट्टी, पण कुणीतरी तिला दोरी बांधून हळूहळू फिरवतंय. त्या शिट्टीला घाबरून माइक बंद करणारे आपण. ट्यूडर ती कुठपर्यंत जाते ते बघतो.

आणि डोळ्यांसमोर? लोवेल क्रॉसनं टीव्हीच्या संचात फेरफार करून ठेवलेत. टीव्हीच्या नळीतला किरण चित्र काढायचं सोडून आता आवाजाच्या ओढीनं हलतोय. पडद्यावर रेषा उठतात, वेटोळी घालतात, आठाच्या आकड्यासारख्या पिळतात, आवाज फाटला की फाटतात. दिवेही आवाजाच्या तालावर लागताहेत, विझताहेत. खाली जमिनीवर रिमोटवर चालणाऱ्या गाड्या कर्णे पाठीवर घेऊन फिरताहेत, आणि आवाज तुमच्या डाव्या कानाकडून निघून पाठीमागे जातो तेव्हा मान आपोआप वळते. सगळ्याच्या मुळाशी त्याच धातूच्या पट्ट्या. कुठलंही चित्र आधी काढून ठेवलेलं नाही. भाता थांबला की पडदाही थांबेल.

एक गोष्ट इथं सांगून टाकतो, मग पुढं जाऊ. आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमांना मी जातो. भिंतीएवढा एलईडी पडदा, ठोक्याला ठोका जुळणारी चित्रं, समोर लॅपटॉप उघडून उभा असलेला कलाकार. बऱ्याचदा मला शंका येते की हा लघुशंकेला गेला तरी कार्यक्रमाचं काही अडणार नाही. चुकत असेन. काही जण समोर बसून, ओळ न् ओळ कोड लिहीत संगीत घडवतात, आणि ते लिहिलेलं पडद्यावर दाखवतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ट्यूडरला तुम्ही बघितलंत ना? त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते कौशल्यच होतं, पण त्यात दूध उतू जातंय का हे बघणाऱ्या माणसाची सावधगिरीही होती. पुढच्या सेकंदाला काय होईल हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आता दोन दिवस ओलांडू. रविवार, 16 ऑक्टोबर. हॉल तोच.

मध्यभागी लांबट व्यासपीठं, त्यांच्यावर इतका पसारा की भंगारवाल्याची गाडी उलटली असं वाटावं. रेडिओ. टीव्ही. ज्यूसर आणि मिक्सर. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र. त्यामागं चौपन्न वर्षांचा जॉन केज, ट्यूडर, डेव्हिड बेरमन, अँटनी नाझो, लोवेल क्रॉस. आणि टेलिफोन. दहा लाइनी घेतल्यात.

'व्हेरिएशन्स सेव्हन'चा नियम एका वाक्याचा आहे: जे आवाज या क्षणाला हवेत आहेत तेवढेच घ्यायचे. आधी टेप केलेलं काही वाजवायचं नाही, लिहिलेली चाल वाजवायची नाही. हवेत काय काय असतं? आकाशवाणीच्या लहरी असतात, म्हणून रेडिओ. किरणोत्सर्ग असतो, म्हणून गायगर काउंटर, त्याची टिक्, टिक्टिक्, टिक्. घरातल्या यंत्रांची घरघर असते, म्हणून मिक्सरला कॉन्टॅक्ट मायक्रोफोन. आणि शहर असतं. शहर आत कसं आणायचं?

फोन करून.

संध्याकाळी दहा ठिकाणी फोन लावले, पलीकडच्यांनी उचलले, आणि रिसीव्हर खाली न ठेवता तसेच बाजूला ठेवून दिले. आता चौदाव्या रस्त्यावरच्या ल्यूखोज या जर्मन खानावळीची भांडी ऐकू येताहेत. त्याच रस्त्यावरच्या वीजकेंद्राचं गुंजन. पक्षिगृहातली किलबिल. हरवलेल्या कुत्र्यांच्या कोंडवाड्यातलं भुंकणं, एकानं सुरू केलं की दहा जण साथ देणारं. मर्स कनिंगहॅमच्या नृत्यशाळेतली पावलं. संगीतकार टेरी रायलीच्या घरची कासवं, त्यांच्या टाकीतलं पाणी. आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ची छापखान्याची खोली. म्हणजे या मंडळींना झोडपणारी वर्तमानपत्रं छापणारी यंत्रंही, आपल्याला न विचारता, याच वाद्यवृंदात बसलीत.

ट्रंक कॉलची आठवण ठेवायला सांगितली होती ती यासाठी. पुण्याहून नागपूरला तीन मिनिटं बोलण्यासाठी पोस्टात ताटकळणाऱ्या वर्षात इथं दहा लाइनी तासभर उघड्या आहेत आणि एकही माणूस बोलत नाही.

कुणी शहाण्यानं जाता जाता बाजूला पडलेला रिसीव्हर बघितला आणि 'अरे, कुणी विसरलं वाटतं' म्हणून जागेवर ठेवला, तर खानावळ गेली. ही धास्ती मला प्रयोगभर छळते. तुम्हालाही छळू दे.

पण आवाज चालू-बंद कोण करतं, ते अजून सांगितलं नाही. व्यासपीठाच्या भोवती, घोट्याच्या उंचीवर, तीस दिवे आणि त्यांच्यासमोर तीस फोटोसेल लावलेत. फोटोसेलवर उजेड पडत असतो तोवर एक गत. माणूस मध्ये आला, उजेड तुटला, की दुसरी. एखादा आवाज सुरू होतो, एखादा गप्प होतो. केज रेडिओकडे जायला निघतो आणि त्याच्या पँटनं वाटेत दोन किरण कापले जातात. कोंडवाडा बंद पडतो आणि वीजकेंद्र उसळून येतं. त्याला ते करायचं होतं का? नव्हतं. तो फक्त रेडिओकडे निघाला होता.

ते घोट्याजवळचे दिवे आणखी एक काम करताहेत, आणि माझ्या मते रात्रीचं सगळ्यात मोठं दृश्य तेच. ते खालून उजेड टाकतात, त्यामुळं व्यासपीठावरच्या माणसांच्या सावल्या मागच्या पांढऱ्या पडद्यांवर दोन-तीन मजली उंच होतात. केज वाकला की पडद्यावर एक राक्षस वाकतो. हात तारेकडे जातो, राक्षसाचा हात छताकडे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. तिथं दिव्यापुढं बाहुली असते, माणूस दडलेला असतो आणि गोष्ट रामायणातली. इथं बाहुलीही माणूसच, लपलेलं कुणी नाही, आणि गोष्ट बिलकूल नाही. सावली आवाजाला पाठिंबा द्यायला नाही आलेली. ज्या उजेडाच्या तुटण्यातून आवाज बदलतो त्याच उजेडाच्या तुटण्यातून सावली पडते. आवाज आणि चित्र एकमेकांशी जुळवलेले नाहीत, एकाच पोटचे आहेत. दीडेक वर्षानं टोरोंटोत हाच लोवेल क्रॉस बुद्धिबळाचा असा पट बनवेल की सोंगटी हलवली की आवाज बदलेल, आणि त्या पटावर केजसमोर द्यूशाँ खेळायला बसेल.

आता उठा. हो, उठायला परवानगी आहे. लोक खुर्च्या सोडून खाली उतरताहेत, व्यासपीठाभोवती फिरताहेत, काही जण कोट अंथरून जमिनीवर आडवे झालेत. तुम्हीही फिरा. एका कर्ण्यासमोर कोंडवाडा दणदणतोय. दहा पावलं पुढं गेलात की रेडिओची खरखर. आमच्या घरी एक जुना रेडिओ होता. सिलोन लावायचं म्हणून वडील काटा हळूहळू सरकवायचे आणि मधल्या जागेत शिट्ट्या, कुठलीतरी परदेशी भाषा, पुन्हा शिट्ट्या असं काय काय यायचं. स्टेशन लागलं की सगळे खूश. मला ती मधली जागाच आवडायची, पण असं घरात बोलायची सोय नव्हती. केजनं ती मधली जागा तासभर लांबवलीय.

खरं सांगायचं तर हा सगळा तास सुंदर नाही. मधली काही मिनिटं आवाज इतका चढतो की विचार ऐकू येत नाहीत, आणि काही मिनिटं चक्क कंटाळवाणी आहेत. जो उठून चाललाय त्याला अडवू नका. पण तुम्ही परत जाऊन जेव्हा या प्रयोगाची फिल्म बघाल, कारण फिल्म शिल्लक आहे, तेव्हा एक गंमत होईल. नियम होता टेपवरचं काही चालणार नाही असा, आणि आपल्याकडे उरलीय ती टेपच. त्या रात्रीचं कुत्रं आता दर वेळी त्याच सेकंदाला भुंकतं.

इथून घरी परतायची एक वाट आहे आणि ती लोकांना फारशी ठाऊक नसते, म्हणून दोन मिनिटं वाकडी वाट करून जाऊ.

1946 साली अहमदाबादच्या साराभाई घराण्यातली गीता न्यूयॉर्कला गेली. पाश्चात्त्य संगीतानं आपल्या संगीताचं काय होतंय याची तिला काळजी होती, आणि ते संगीत समजून घ्यायचं होतं. केज तिला ते शिकवायला तयार झाला, फी म्हणून तिनं त्याला भारतीय संगीत शिकवायचं. पाचसहा महिने ही देवघेव चालली. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला तिनं आपल्या गुरूंकडून ऐकलेलं उत्तर दिलं: मन निवांत करण्यासाठी, म्हणजे त्याला पलीकडचा स्पर्श होऊ शकेल. केज ते उत्तर पुढं आयुष्यभर सांगत राहिला. 1964 मध्ये कनिंगहॅमची नृत्यसंस्था जगभ्रमणात भारतात आली, मुंबईत आणि अहमदाबादेत प्रयोग झाले. तेव्हा केज, ट्यूडर आणि प्रकाशयोजनेला राउशेनबर्ग, म्हणजे तुमच्या या दोन संध्याकाळींतले तिघं, तांड्यात होते. मुंबईत त्या वर्षी जे कुणी प्रेक्षक बसले असतील त्यांनी आर्मरीची पूर्वतयारी बघितली म्हणायला हरकत नाही.

आणि 1969 मध्ये ट्यूडर पुन्हा अहमदाबादेत आला. साबरमतीच्या काठी, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर मांडून त्यानं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. कपाटाएवढं यंत्र, त्याच्या अंगावर असंख्य भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात तार खुपसायची. कुठली तार कुठं यावर आवाज ठरणार. तिथं संस्थेतल्या मंडळींनी आणि गीता साराभाईंनीही टेप केल्या. पुढं त्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचा संगीतकार पॉल परगास यानं त्या शोधल्या, आणि 2023 मध्ये त्या रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. ऐका कधीतरी. आपल्याकडे सिनेमातल्या गाण्यांत ऑर्गनचा एक सूर वेगळा लागला तरी त्याची चर्चा व्हायची, त्या वर्षांत कुणीतरी अहमदाबादेत बसून तारा उपसून खुपसून वारा, कीटक आणि कधीच न सुटलेले अग्निबाण यांचे आवाज घडवत होतं असं वाटतं. तुम्ही उद्या मुंबईहून सकाळच्या गाडीनं निघालात तर दुपारच्या आत त्या इमारतीसमोर उभे असाल.

पण अजून आपण 1966 मध्येच आहोत.

प्रयोग संपलाय. टाळ्या पडतात, त्याही छतात अडकून राहतात. लोक बाहेर पडताहेत. कुणी म्हणतंय फसवणूक, कुणी गप्प आहे. इंजिनीअर तारा गुंडाळायला लागलेत, मनगट आणि कोपर यांच्यावर वेटोळी घेत, जशी जगात सगळीकडे गुंडाळतात. मोठे दिवे लागलेत, त्यामुळं सावल्या गेल्या. राक्षसाच्या जागी टाय सैल केलेला एक थकलेला माणूस ज्यूसरचं झाकण शोधतोय.

फोन अजून तसेच आहेत. कुणाचं लक्ष नाही. तुम्ही एक रिसीव्हर उचलून कानाला लावता. कुत्रं नाही, कासवं नाही. बशीवर बशी ठेवल्याचा आवाज. खानावळ. नळ सुटतो, बंद होतो. कुणीतरी जर्मन वळणाच्या इंग्रजीत काहीतरी विचारतं, कुणीतरी लांबून हसतं. मग पावलं फोनच्या जवळ येतात आणि थांबतात. पलीकडून कुणीतरी श्वास घेतलेला ऐकू येतो.

"हॅलो?"